मेहरूणच्या बोरबागेचा माग



थंडी पडली की जळगावच्या बाजारात हातगाडीवाले अजूनही 'मेहरूणची बोरं' म्हणूनच ओरडतात. लहानसर, निमुळतं, पातळ सालीचं, गोड बोर. आपण एक तोंडात टाकतो, भाव पाडतो, पदरात घेतो. पण त्या दादाला विचारून बघा, मेहरूणच्या कोणत्या बागेतली रे? तो नुसता हसतो.

शेतीच्या पुस्तकात बोरांच्या जाती दिलेल्या असतात. उमराण, कडाका, छुहारा, आणि त्यांच्याच रांगेत मेहरूण. एका गावाचं नाव जातीला मिळालं, ते पुस्तकात राहिलं. गावातली बाग मात्र शोधावी लागते. ती आम्ही शोधली, त्याची ही गोष्ट.

मेहरूण हे जळगावला लागून असलेलं खेडं. जवळच मोठा तलाव. आज त्या काठी लोक सकाळी फिरायला जातात, गणपती बुडवतात. जळगावची नगरपालिका १८६४ सालची. त्याच सुमाराला रेल्वे आली, कापसाचा व्यापार वाढला. १९०६ साली खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्व खान्देशाची कचेरी जळगावला आली, पश्चिमेची धुळ्याला राहिली. कचेरी आली की साहेब येतो, कारकून येतो, मास्तर येतो, आणि प्रत्येकाला घर लागतं. घर काही हवेत बांधता येत नाही. शहर पिंप्राळ्याकडे सरकलं, मेहरूणकडे सरकलं. २००३ साली महानगरपालिका झाली तोवर गाव कुठं संपतं आणि शहर कुठं लागतं, हे सांगणं अवघड झालं होतं.

माझ्या आईच्या मावशीचं माहेर मेहरूणचं. तिला दिली धुळ्याला, पांझरेपलीकडे देवपुरात. तिथंही तेव्हा वावरंच होती, आता कॉलन्या आहेत. म्हणजे तिचं माहेरचं वावर गेलं आणि सासरचंही गेलं. पण ती बोलते ते बोरांबद्दल.

बोराचं झाड कमी पाण्यावर येतं हे आपल्याला ठाऊक आहे. पण गोड बोर आपोआप येत नाही. गावठी बोराच्या रोपावर चांगल्या झाडाचा डोळा भरावा लागतो. खाली खोड गावठी, वर फांदी मेहरूणी. उन्हाळ्यात झाड पानं टाकतं तेव्हा छाटणी करायची, कारण बोर नव्या फुटीवर लागतं. ही छाटणी आणि डोळा भरणं पुरुषांचं काम. बाकीचं सगळं बायकांचं, पोरींचं. पहाटे दवात पडलेली बोरं वेचायची, काट्यांनी हात ओरबाडून घ्यायचे. राघूंचे थवे येतात म्हणून पोरींनी पत्र्याचे डबे बडवत बसायचं. मग निवड. टपोरी पाटीत बाजाराला, डागी घरात, सुरकुतलेली वाळवायला. मावशी सांगते, संक्रांतीच्या आधी आठ दिवस तिच्या बोटांना सुईदोरा धरवत नसे.

तर ही बाग नेमकी कुठं होती? मावशी सांगायची ते असं: तलावाकडून येताना आधी विहीर, मग चिंच, मग आमचा बांध. आम्ही दोघी मावसबहिणी गेलो. विहीर नाही, चिंच नाही, बांध तर नाहीच. सिमेंटचा रस्ता, दोन्हीकडे बंगले, एक किराणा दुकान.

दुकानात पाणी मागितलं. गल्ल्यावर विजेचं बिल पडलेलं होतं. त्यावरच्या पत्त्यात गट नंबर आणि पुढे प्लॉट नंबर. मैत्रिणींनो, आपण 'गट' म्हटलं की बचत गट आठवतो. हा गट वेगळा. १९४७ च्या कायद्याने तुकडेबंदी आणि एकत्रीकरण आलं, विखुरलेल्या जमिनी एकत्र करून त्यांना गट नंबर पडले. त्याआधीचे ते सर्व्हे नंबर. जळगावात कितीतरी लोक आपल्या घराच्या पत्त्यात वावराचा नंबर लिहितात आणि त्यांना त्याची कल्पनाही नसते. बाग गेली, नंबर घरपट्टीच्या पावतीवर जिवंत.

नंबर मिळाल्यावर काम सोपं झालं. म्हणजे दोन महिने लागले. तलाठी कार्यालय, तहसीलचं अभिलेख कक्ष, नकलेचा अर्ज, 'उद्या या'. शेवटी जुना सातबारा हातात आला.

सातबारा म्हणजे दोन नमुने. गाव नमुना सात, त्यात जमीन कोणाची. नमुना बारा, त्यात दरसाल पीक काय. आपण बहुतेक साताची बाजू बघतो. इतिहास हवा असेल तर बाराची बघा. आमच्या उताऱ्यात ओळीनं बोर, बोर, बोर. कडेला थोडी ज्वारी. मग एका वर्षापासून 'पड'. पुढच्या वर्षी पड. त्याच्या पुढच्या वर्षीही पड. त्यानंतर बिनशेतीचा आदेश. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे शेतजमिनीवर घरं बांधायची तर तशी परवानगी लागायची, आणि ती मिळायच्या आधीच झाडं तुटलेली होती. कागद तसं म्हणत नाही. कागद फक्त 'पड' म्हणतो.

आता साताच्या बाजूला येऊ. मालक म्हणून मावशीच्या वडिलांचं नाव, त्याला कंस. ते गेल्यावर तिच्या तिघा भावांची नावं. आणि चार बहिणी? त्या होत्या, पण 'इतर हक्क' या रकान्यात. विहिरीतला हिस्सा, सोसायटीचं कर्ज आणि बहिणी, सगळं एकाच चौकटीत. मला तिथं हसू आलं आणि मग आलं नाही.

त्या रकान्यावर आडवी रेघ होती. रेघ का मारली हे फेरफारात सापडतं, म्हणून तोही काढला. बहिणींनी हक्क सोडला, चौघींचे अंगठे. प्लॉट पाडणाऱ्याला जमीन निर्वेध लागते, बहिणीचं नाव लटकलेलं चालत नाही. मावशीला विचारलं, तुला आठवतं का? आठवतं की, म्हणाली. आखाजीला माहेरी आले होते. झोका बांधलेला होता. भावानं लुगडं घेतलं आणि बैलगाडीतून कचेरीत नेलं. कागदात काय आहे ते कोणी वाचून दाखवलं नाही. तिनं विचारलंही नाही. विचारलं असतं तर पुढच्या आखाजीला मुराळी आला असता का, हा तिचा सवाल. मला त्याचं उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

तेव्हाही १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात लेकीला वाटा होताच. आपल्या राज्यानं १९९४ साली आणि केंद्रानं ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत लेकीला जन्मानं मुलाइतका हक्क दिला. २०२० साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की २००५ साली बाप हयात असायला हवा अशीही अट नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री किंवा वाटणी त्या कायद्यानं मोडत नाही. म्हणजे मावशीची बाग परत येत नाही. पण तुमच्यापैकी कोणाच्या माहेरचं वावर शहराच्या वाटेवर असेल, तर आधी सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना वाचा. आखाजीच्या आधी वाचा.

पौषात मावशीला गाडीत घालून तिथं नेलं. लेआउटमधल्या मोकळ्या जागेत एक सिमेंटचा गोल ओटा आहे, पोरं त्यावर बसतात. ती काठी आपटत त्याच्याभोवती फिरली आणि म्हणाली, ही आमची विहीर. स्लॅब टाकलाय वरून. तिथून तिनं पावलं मोजली, एका बंगल्याच्या कुंपणापाशी थांबली. भिंतीला चिकटून बोराचं झाड होतं, तोडलेल्या बुंध्यातून फुटलेलं. घरधनीण बाहेर आली, घ्या की आजी, कोणी खात नाही म्हणाली.

मावशीनं एक बोर तोंडात टाकलं. आंबट. डोळ्याच्या वरून झाड तोडलं तर मेहरूणी फांदी पुन्हा येते, डोळ्याच्या खालून तोडलं की गावठी खोडच फुटतं. तिनं बी हातावर काढून बघितलं.

"खोड आमचंच आहे," ती म्हणाली. "खालून तोडलं मेल्यांनी."

मग ओंजळभर बोरं वेचून तिनं पदराला गाठ मारली. भोगीच्या भाजीला आंबट चालतं म्हणे.