'पोलमान' आडनावाची व्युत्पत्ती आणि लेखनभेद

हिंगोली जिल्ह्यातील औंढा, वसमत या गावांवरून औंढेकर, वसमतकर ही आडनावे रूढ झाली. वसतिस्थानावरून आडनाव पडण्याची हीच रीत जर्मनीतही आढळते. मराठवाड्यातीलच असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी झालेल्या लढाईत दौलतराव शिंदे यांच्या कवायती पलटणींचे नेतृत्व हॅनोवरच्या अँथनी पोलमान याने केले. उत्तर जर्मन बोलीत 'पोल' म्हणजे तळे व 'मान' म्हणजे माणूस; अर्थात मराठीतील 'तळेकर'. इंग्रजी लेखनात या नावाच्या अखेरीस कधी एक, तर कधी दोन 'न' येतात. मधला 'ह' केवळ स्वराचे दीर्घत्व दर्शवितो. म्हणून 'पोहलमन' हे अक्षरशः केलेले मराठी रूप उच्चारास धरून नाही. अशा लेखनभेदावरून दोन निराळ्या व्यक्ती कल्पिण्यापूर्वी हुद्दा, पलटण व लढाई यांचा मेळ पाहणे अगत्याचे ठरते.