स्ताबिले : चार सामने आणि वीस वर्षे

१९३० सालच्या जुलै महिन्यात उरुग्वेची राजधानी मोंतेव्हिदेओ येथे पहिली विश्वचषक स्पर्धा चालू असता अर्जेंटिनाच्या संघाचा कर्णधार मान्वेल फेरेइरा विद्यापीठाची परीक्षा देण्यासाठी ब्वेनोस आइरेसला निघून गेला. नदीच्या मुखापलीकडेच घर, तेव्हा त्यात कोणास फारसे वावगे वाटले नाही. आज असे घडेल हे कल्पनेतही येत नाही. आघाडीच्या फळीत जागा रिकामी झाली आणि ती भरून काढण्यासाठी उराकान क्लबचा गिलेर्मो स्ताबिले मैदानात उतरला. देशाच्या संघातून तो त्यापूर्वी कधीही खेळला नव्हता.

१९ जुलै रोजी मेक्सिकोशी सामना झाला. अर्जेंटिनाने तो ६-३ असा जिंकला आणि त्यांतील तीन गोल या नवख्याचे होते. विश्वचषकातील पहिली हॅट्ट्रिक म्हणून तिची नोंद कित्येक दशके चालत आली. पुढे २००६ साली तो मान दोन दिवस आधी पॅराग्वेविरुद्ध तीन गोल करणाऱ्या अमेरिकेच्या बर्ट पेटनोड याजकडे गेला. चिलीविरुद्ध दोन, उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध दोन, आणि ३० जुलैच्या अंतिम सामन्यात एक, असे स्ताबिलेचे आठ गोल झाले. बचावफळीतून अलगद निसटून जाणारा म्हणून लोक त्यास 'एल फिल्त्रादोर' म्हणत. अंतिम सामन्यात मध्यंतरास अर्जेंटिना २-१ ने पुढे होती, आणि आघाडी मिळवून देणारा तो दुसरा गोल स्ताबिलेचाच. उरुग्वेचे खेळाडू ऑफसाइडची तक्रार करीत राहिले. पण उत्तरार्धात तीन गोल करून उरुग्वेने चषक घरीच ठेवला.

वाचकांस आश्चर्य वाटेल, परंतु त्यानंतर स्ताबिले आपल्या देशासाठी पुन्हा कधी खेळला नाही. चार सामने, आठ गोल, आणि कारकीर्द संपली. त्याच वर्षी तो इटलीत जेनोआ येथे गेला. तेथे दुखापतींनी त्यास बेजार केले. पुढे नेपल्स, आणि नंतर पॅरिसचा रेड स्टार क्लब. पॅरिसमध्ये खेळाडू असतानाच त्याने प्रशिक्षकाचे काम शिकून घेतले. १९३९ मध्ये युद्धाचे ढग जमले तेव्हा तो मायदेशी परतला आणि राष्ट्रीय संघाची सूत्रे त्याच्या हाती आली.

येथून जो कालखंड सुरू होतो तोच आमच्या मते त्याचा खरा इतिहास होय. १९४१, १९४५, १९४६, १९४७, १९५५ आणि १९५७ अशी सहा वेळा त्याच्या संघाने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद मिळविले. १९५३ च्या मे महिन्यात ब्वेनोस आइरेस येथे इंग्लंडचा ३-१ असा पराभव झाला. त्या दिवशी ग्रियोने गोलरेषेलगतच्या अशक्य कोनातून केलेला गोल तेथील लोक आजही सांगतात. शिवाय या माणसाकडे 'अतिरिक्त कार्यभार' होताच! (आमच्या खात्यातील मंडळींना हा शब्द समजावून सांगावयास नको.) राष्ट्रीय संघ सांभाळीत असतानाच त्याने रेसिंग क्लबला १९४९, १९५० आणि १९५१ अशी लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवून दिली. रेसिंगवर तत्कालीन अर्थमंत्री सेरेइखो यांचा उघड वरदहस्त होता, हेही सांगितले पाहिजे. तथापि मंत्र्याच्या वरदहस्ताने मैदाने बांधता येतात, गोल करता येत नाहीत.

या वैभवाला आतून कीड लागत होती. १९४८ मध्ये खेळाडूंनी संप पुकारला आणि त्यानंतर दि स्तेफानोसारखे मोहरे कोलंबियात निघून गेले. १९५० व १९५४ च्या विश्वचषकांत अर्जेंटिनाने भागच घेतला नाही. म्हणजे सर्वांत बलाढ्य संघ हाती असताना तो जगासमोर उभा करण्याची संधी स्ताबिलेस मिळालीच नाही. १९५७ मध्ये लिमा येथे मास्कियो, अँजेलियो आणि सिव्होरी या कोवळ्या त्रिकुटाने ब्राझीलला ३-० असे हरविले, आणि त्याच वर्षी इटलीच्या क्लबांनी तिघांनाही विकत नेले. परदेशात खेळणारास राष्ट्रीय संघात घ्यावयाचे नाही, हा त्या काळचा दंडक. हातची फळी अशी गेल्यावर १९५८ साली स्वीडनला जाताना स्ताबिलेने एकोणचाळीस वर्षांच्या लाब्रुनास बरोबर घेतले.

परिणाम सर्वश्रुत आहे. पश्चिम जर्मनीने ३-१ ने हरविले, उत्तर आयर्लंडला अर्जेंटिनाने ३-१ ने हरविले, आणि १५ जून रोजी हेल्सिंगबोर्ग येथे चेकोस्लोव्हाकियाने ६-१ असा फज्जा उडविला. संघ परतला तेव्हा विमानतळावर जमावाने त्याच्यावर नाणी फेकली. कलकत्त्यास बदली होऊन गेलेले आमचे वाचक फुटबॉलवेड्या जमावाचे प्रेम आणि कोप दोन्ही जाणतात. त्यांस हे चित्र सहज डोळ्यांसमोर आणता येईल.

दोष कोणाचा? स्ताबिलेस सर्वस्वी निर्दोष ठरविणे आम्हांस जमणार नाही. गुणी खेळाडू निवडावे आणि पुढचे त्यांच्या प्रतिभेवर सोडावे, ही त्याची पद्धत. दक्षिण अमेरिकेत ती वर्षानुवर्षे फळली. परंतु एवढ्या काळात युरोपीय संघांनी वेग, दमसास आणि आखणी यांत मोठी मजल मारली होती, आणि जगापासून अलग राहिलेल्या अर्जेंटिनास त्याचा पत्ता नव्हता. तो पत्ता लावणे हे प्रशिक्षकाचे काम होते, असे आम्ही म्हणू. पण विश्वचषकावर बहिष्कार टाकणे, खेळाडूंशी भांडणे, आणि विकले गेलेल्यांस दार बंद करणे, हे निर्णय त्याचे नव्हेत. ते संघटनेच्या कचेरीत झाले. नाणी मात्र विमानतळावर पडली, कचेरीवर नव्हे. एकोणीस वर्षांच्या सेवापुस्तकावर एका दुपारचा शेरा लाल शाईने उमटला, आणि त्यास पद सोडावे लागले.

१९६० साली अल्पकाळ त्यास पुन्हा बोलाविण्यात आले. त्यानंतर प्रशिक्षक घडविणाऱ्या राष्ट्रीय विद्यालयाचे संचालकपद त्याच्याकडे आले. म्हणजे ज्या उणिवेसाठी त्यास दोष दिला गेला, तिचेच शिक्षण देण्याची व्यवस्था त्याच्या हाती सोपविण्यात आली. १९६६ च्या डिसेंबरात ब्वेनोस आइरेस येथे त्याचे निधन झाले, तेव्हाही तो त्याच पदावर होता.