उन्हातल्या पतंगाची नोंद

पतंग म्हटलं की आपल्याला दिवा आठवतो. पण कोकणात भर उन्हात उडणारा एक पतंग आहे: सेफोनोडिस हायलस. पंख काचेसारखे, पाठ शेवाळी-पिवळी, पोटावर तांबूस पट्टा. फुलासमोर हवेत थांबून तो लांब सोंडेनं मध पितो, म्हणून बघणारा त्याला भुंगा तरी समजतो, नाहीतर शिंजीर.

लिनियसनं १७७१ साली त्याला नाव दिलं. नाव म्हणजे चरित्र नव्हे. आपल्या किनाऱ्यावर ते चरित्र लिहिलं टी. आर. बेल यांनी. वनखात्यातली नोकरी संपल्यावरही ते कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तिथेच वारले. टाचणीला टोचलेले पतंग जमवणारे त्या काळी पुष्कळ होते. बेल अळ्या पाळत. मेजर स्कॉट यांच्यासोबत त्यांनी लिहिलेला 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया'चा खंड १९३७ साली निघाला. त्यात या कुळातल्या पतंगांच्या अळ्या, कोष, खाण्याची झाडं असं सगळं येतं.

पाळण्यानं काय कळतं? मादी अनंतासारख्या, कॉफीच्या कुळातल्या झाडांच्या पानांवर सुटी सुटी अंडी घालते. अळीच्या शेपटाकडे शिंग असतं. वाढ पुरी झाली की ती खाली उतरते आणि पाचोळ्यात किंवा मातीत कोष करते. कोषातून निघालेल्या पतंगाचे पंख पारदर्शक नसतातच. त्यांच्यावर राखाडी खवले असतात. पहिल्यांदा पंख थरथरले की ते धुळीसारखे झडतात. संग्रहातल्या नमुन्यात हे दिसत नाही. त्यासाठी कोषाशेजारी बसावं लागतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. सिस्टीम कोसळली की आम्ही आधी विचारतो, कोसळण्यापूर्वीचा लॉग कुठे आहे? ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात दिवेआगर-श्रीवर्धनच्या वाड्या आडव्या झाल्या. पंचनामे नारळी-पोफळींचे झाले. अनंताच्या पानावरच्या अळीला पंचनाम्यात रकाना नसतो. मग तिचं काय गेलं आणि काय परत आलं, हे कशाशी ताडून बघायचं?

याच दिवेआगरात शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा ताम्रपट सापडला. मराठीतल्या सर्वांत जुन्या ताम्रपटांत तो गणला जातो. लिहून ठेवलेलं हजार वर्षं टिकतं, हे या गावाला वेगळं सांगायला नको. अळी पाळायला तर तांबंही लागत नाही. अनंताची ताजी पानं, जाळीचं झाकण, वितभर माती आणि तारीखवार लिहिलेली एक वही. तीही मराठीत.