सत्तानवचा दुष्काळ आणि पंडिता रमाबाई

दुष्काळ म्हटलं की आपल्याला बऱ्हाणपूरकरांना १६३०-३२ आठवतो. शाहजहान तेव्हा इथेच मुक्कामाला होता. गावात लंगर उघडले, दर सोमवारी पाच हजार रुपये वाटले, असं दरबारी इतिहासकार लाहोरी सांगतो. १८९६-९७ चा दुष्काळ मात्र आपल्या बोलण्यात फारसा येत नाही. बऱ्हाणपूर तेव्हा मध्य प्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होतं, आणि त्या प्रांतात माणसं भुकेने मरत होती. बऱ्हाणपूर, खंडव्यावरून जबलपूरला जाणारी रेल्वे १८७० पासून चालू होती. पण गाडीने धान्य आलं तरी ते विकत घ्यायला हातात पैसा लागतो.

अशा वेळी पुण्याहून पंडिता रमाबाई मध्य प्रांतात आल्या. भूक त्यांना नवी नव्हती. १८७४ च्या सुमारास, दक्षिणेतल्या दुष्काळाच्या दिवसांत, त्यांचे आईवडील आणि मागोमाग थोरली बहीण गेली. भावाबरोबर पायपीट करत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन पुढे पुण्यात आलं. पण १८९३ मध्ये धर्मांतराचा आरोप झाला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. इतकं सोसलेली बाई दुष्काळात गप्प बसली असती, तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

त्यांनी तीनशेच्या आसपास मुली आणि बायका सोबत नेल्या. पुण्यात प्लेग होता, नव्या मुली तिथे ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावच्या शेतावर राहुट्या ठोकल्या. मी इंजिनिअर, माझं लक्ष आधी पाण्याकडे जातं: तिथे विहिरी खणल्या, मळा केला. पुढे विणकाम आणि छापखानाही आला. तेच मुक्ती सदन.

आता अवघड प्रश्न. यातल्या बऱ्याच मुली पुढे ख्रिस्ती झाल्या. उपाशी पोरीला धर्म निवडायची मोकळीक कितीशी असते? हा आक्षेप खोटा नाही, तो झटकू नये. पण नुसती माणसं बाटवायची असती, तर दुष्काळ सरल्यावर काम आटोपतं घेता आलं असतं. रमाबाई पुढची पंचवीस वर्षं तिथेच राहिल्या. मुलींच्या हाताला काम दिलं, हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते त्याच छापखान्यात छापायला घेतलं. १९२१ मध्ये एकुलती एक लेक मनोरमा गेली. तरी भाषांतराचं काम पुरं केलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या.

त्यांचा धर्म पटो न पटो, ही चिकाटी आपल्या इतिहासात नोंदवायलाच हवी. कुणाच्या घरी सत्तानवच्या दुष्काळाची जुनी पत्रं, वह्या असतील, तर मंडळाला जरूर दाखवा.