आगगाडींतील पंगत

ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली, तेव्हां तींतील चारशें पाहुण्यांनीं वाटेंत काय खावें हा प्रश्न उद्भवलाच नाहीं. अवघा एकवीस मैलांचा, सुमारें तासाभराचा तो प्रवास. पुढें सतरा वर्षांनीं, १८७० च्या मार्च महिन्यांत, मुंबईकडून गेलेले रूळ जबलपूर येथें कलकत्त्याकडील रुळांस मिळाले आणि आगगाडी हें मनुष्याचें दोन-तीन दिवसांचें घर झालें. घर म्हटलें कीं चूल आली. आणि चूल आली कीं ती कोणीं पेटवावी, तिजवर शिजलेलें कोणीं खावें, कोणाच्या शेजारीं बसून खावें, हे प्रश्न ओघानेंच आले. बोरघाट फोडतांना एंजिनिअरांपुढें जे प्रश्न उभे राहिले त्यांहून हे कमी बिकट नव्हते. घाटाचे प्रश्न १८६३ सालीं सुटले. हे मात्र पुढें ऐंशीं-नव्वद वर्षें तसेच राहिले.

या प्रश्नाचें पहिलें उत्तर विलायतेंतून आलें, तें म्हणजे गाडी थांबवून उतारूंस जेवूं घालणें. ग्रेट वेस्टर्न रेल्वेनें स्विंडन येथील उपाहारगृह १८४१ सालीं नव्याण्णव वर्षांच्या करारानें मक्त्यास दिलें आणि गाड्या तेथें दहा मिनिटें थांबतील असें लिहून दिलें. गिऱ्हाईक दहा मिनिटांचें, भुकेलेलें, आणि शेजारीं दुसरें दुकान नाहीं! अशा ठिकाणीं अन्नास चव कशी राहावी? खुद्द कंपनीचा विख्यात एंजिनिअर ब्रुनेल यानें, येथें कॉफी म्हणून जें मिळतें तें भाजलेलें निकृष्ट धान्य असावें, असा टोमणा मक्तेदारास पत्रानें मारला होता. हा करार मोडून घेण्यास १८९५ सालीं कंपनीला एक लाख पौंड मोजावे लागले. इकडे अमेरिकेंत जॉर्ज पुलमन यानें १८६८ सालीं ‘डेल्मॉनिको’ नांवाचा डबा काढून चूलच गाडीवर चढविली होती, आणि १८७९ सालीं इंग्लंडांत लीड्स-लंडन मार्गावर तसाच डबा धांवूं लागला. त्या डब्यांत जेवणारा उतारू मात्र सबंध प्रवासभर तेथेंच बसून राही. कारण एका डब्यांतून दुसऱ्यांत जाण्यास वाटच नव्हती. पुढें डबे एकमेकांस जोडणारे बंदिस्त मार्ग आले, आणि १८९० नंतरच्या दशकांत तिकडील तिसऱ्या वर्गाच्या उतारूसही भोजनाच्या डब्यांत खुर्ची मिळूं लागली. ही वाटेची गोष्ट क्षुल्लक दिसते; पण आपल्याकडील पुढचा बराचसा इतिहास तिच्याच भोंवतीं फिरतो.

हिंदुस्थानांत आरंभीं स्विंडनचीच पद्धति आली. ईस्ट इंडियन रेल्वेवर केल्नर, मद्रासकडे स्पेन्सर आणि जी. आय. पी. रेल्वेवर ब्रँडन अशा मातबर कंपन्यांनीं मोठमोठ्या स्टेशनांवर उपाहारगृहें चालविलीं. वरच्या वर्गाच्या उतारूनें काय हवें तें गार्डास सांगावें, गार्डानें पुढच्या स्टेशनास तार करावी, आणि गाडी फलाटास लागते तोंच टेबलावर सूप मांडलेलें असावें, अशी ही व्यवस्था होती. पहांटे खानसामा खिडकीशीं ‘छोटी हाजरी’ घेऊन येई. म्हणजे चहा, टोस्ट आणि केळें. दुपारीं टिफिन आणि रात्रीं चार-पांच पदार्थांचें रीतसर जेवण. या जेवणांतील मुलिगाटानी सूपाची कथा मोठी मौजेची आहे. मुळांत तें तमिळ घरांतील ‘मिळगु तण्णीर’, म्हणजे मिऱ्याचें पाणी. आपल्या साराचेंच तें भावंड. साहेबाच्या भोजनांत आधीं सूप हवें, आणि मद्रासी स्वयंपाक्यास तर सूप ठाऊक नाहीं. तेव्हां त्यानें आपलें सार मांस घालून घट्ट केलें आणि बशींत वाढलें. रेल्वेचें मटणकरी, कटलेट आणि कॅरमेल कस्टर्ड यांचा जन्मही असाच दोन स्वयंपाकघरांच्या उंबरठ्यावर झाला. या अन्नाची थट्टा पुष्कळ झाली आहे. पण देशांतील बहुतेक मोठ्या मार्गांवर सारखीच चव ठेवणारें जेवण हें या उपाहारगृहांपूर्वीं येथें नव्हतें, हेंही तितकेंच खरें.

पुढें लांब पल्ल्याच्या मेलगाड्यांस भोजनाचे डबे जोडले जाऊं लागले. १९१२ सालीं सुरू झालेल्या पंजाब मेलला, त्या वेळच्या ‘पंजाब लिमिटेड’ला, असा डबा होता, १९२८ च्या सप्टेंबरांत मुंबईहून पेशावरास निघालेल्या फ्रंटियर मेलच्या भोजनाच्या डब्याचा तर मोठा लौकिक झाला. डब्याच्या एका टोंकास स्वयंपाकघर असे: दगडी कोळशाची शेगडी, छपरावर पाण्याची टांकी, बर्फाची पेटी, आणि भांडीं घसरूं नयेत म्हणून कठडे लावलेल्या फळ्या. मे महिन्यांत राजस्थानच्या वा माळव्याच्या उन्हांतून गाडी जात असतां त्या चिंचोळ्या जागेंत उभें राहून तीस-चाळीस माणसांचा स्वयंपाक करणाऱ्याचें नांव कोणत्याही प्रवासवर्णनांत सांपडत नाहीं. पांढरी चादर, चकचकीत सुरीकांटे आणि पगडीवाला बटलर यांचीं वर्णनें मात्र हवीं तितकीं.

पण या डब्याची मुख्य अडचण निराळीच होती. आपल्याकडील बहुतेक डब्यांना आंतून एकमेकांशीं जोडणारी वाट नव्हती. जेवावयाचें झाल्यास गाडी थांबतांच फलाटावर उतरावें, चालत भोजनाच्या डब्याकडे जावें, आणि गाडी पुढें जेथें थांबेल तेथपर्यंत तेथेंच बसावें. जेवण अर्ध्या तासांत आटोपलें आणि पुढचें स्टेशन दोन तासांवर असलें, तर उरलेला दीड तास कॉफीच्या पेल्यावर काढावा. पहिल्या वर्गांतील साहेबास यांत गंमत वाटे. तिसऱ्या वर्गांतील माणसास मात्र ही वाट दोन्ही अर्थांनीं बंद होती. आंतून दार नाहीं, आणि बाहेरून गेलें तरी बहुधा प्रवेश नाहीं. पंजाब लिमिटेडमध्यें साहेबांच्या नोकरांसाठीं जागा होती. तिसऱ्या वर्गाचें तिकीट मात्र त्या गाडीस १९३० नंतरच्या दशकापर्यंत मिळतच नव्हतें. आणि हें कोणाविषयीं? तर रेल्वे कंपन्यांच्या प्रवासी-उत्पन्नाचा फार मोठा भाग ज्यांच्या खिशांतून येत होता त्यांच्याविषयीं.

महात्मा गांधी यांनीं आफ्रिकेंतून परतल्यावर दोन-अडीच वर्षें तिसऱ्या वर्गानें प्रवास केला आणि १९१७ च्या सप्टेंबरांत रांचीहून आपला अनुभव लिहून काढला. त्यांत गर्दी आणि घाण यांबरोबर खाद्यपदार्थांचीही हकीगत आहे: माशा बसलेलीं मिठाईचीं ताटें, मळकट हात, मळकट तराजू, आणि चहा या नांवाखालीं विकलें जाणारें रंगीत गढूळ पाणी. हें अन्न विकत घेतल्यावांचून दुसरा उपाय नाहीं, ही त्यांतील खरी बोंच.

अन्न एक वेळ घरून आणतां येतें; पाणी कोठून आणावें? यासाठीं कंपन्यांनीं स्टेशनांवर हिंदूंकरितां ब्राह्मण पाणक्या आणि मुसलमानांकरितां भिस्ती नेमले. ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ या आरोळ्या उत्तरेकडील स्टेशनांवर नित्याच्या झाल्या. अस्पृश्य मानलेल्या उतारूसाठीं कोणतीच आरोळी नव्हती. १९०१ सालीं नऊ-दहा वर्षांचे भीमराव आंबेडकर आपला भाऊ व भाचे यांसह साताऱ्याहून वडिलांना भेटावयास आगगाडीनें निघाले. गाडींत त्यांना जात कोणीं विचारली नाहीं. मसूर स्टेशनावर उतरल्यावर स्टेशनमास्तरांनीं ती विचारली, आणि तेथून पुढें बैलगाडीच्या साऱ्या वाटेवर त्या मुलांना प्यावयास पाणी मिळालें नाहीं. शिदोरीचा डबा भरलेला होता. पाण्यावांचून तो सोडतां आला नाहीं, आणि मुलें उपाशी निजलीं. आगगाडीनें जातिभेद मोडला असें विधान कोणी सहजपणें करूं लागल्यास त्यास हा भरलेला डबा दाखवावा.

महाराष्ट्रांतील मध्यमवर्गीय कुटुंबांनीं या साऱ्या प्रश्नांना आपल्या परीनें दिलेलें उत्तर म्हणजे वळकटी, फिरकीचा तांब्या आणि दशम्या. पिठांत पाण्याऐवजीं दूध घातलें कीं ती भाकरी वा पोळी प्रवासांत चालते, तिला सोंवळ्याची बाधा नाहीं, असें शास्त्र घरच्या वृद्ध स्त्रियांनीं ठरविलें होतें. दुधामुळें ती मऊ राहते, हा व्यवहार त्यांत होताच. जोडीला शेंगदाण्याची चटणी, लाडू, चिवडा. सोलापूरकडील असतील तर धपाटे. गाडी कल्याण सोडते न सोडते तोंच डबे उघडत आणि मुलांची पंगत बांकावरच बसे. ज्यांनीं शिदोरी आणली नाहीं त्यांच्यासाठीं कर्जत होतें. पुण्याकडे जाणाऱ्या गाडीस घाट चढण्याकरितां तेथें मागें जादा एंजिनें जोडावीं लागतात, तितका वेळ गाडी थांबते, आणि तितक्या वेळांत बटाटेवडे विकले जातात. कर्जतच्या वड्याच्या कीर्तींत वडे तळणाराइतकाच घाटाच्या चढाचाही वांटा आहे.

चहानें मात्र सोंवळ्याच्या कुंपणास पहिलें भगदाड पाडलें. १९०३ च्या कायद्यानें चहावर कर बसवून त्यांतून चहाच्या प्रसाराचा निधि उभा राहिला, आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बंगाल, पंजाब इत्यादि प्रांतांतील जंक्शनांवर किरकोळ विक्रेत्यांस किटल्या, पेले आणि चहाचीं पाकिटें पुरविण्यांत आलीं. तेथेंही ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ वेगळे राहिलेच. उत्तरेकडे मातीचें पात्र एकदां ओठास लागलें कीं फोडून टाकीत, त्यामुळें उष्ट्याची शंका उरत नसे. या दोन किटल्या १९४७ पर्यंत फलाटांवर शेजारीं शेजारीं उकळत होत्या.

स्वातंत्र्यानंतर पाट्या उतरल्या. १९५४ सालच्या अळगेशन समितीच्या शिफारशीवरून १९५५ पासून रेल्वेनें स्वतःच कांहीं मार्गांवर भोजनाची व्यवस्था हातीं घेतली, आणि त्याच वर्षीं मद्रासजवळ पेरांबूर येथें डब्यांचा कारखाना सुरू झाला. तेथून पुढें आंतून जोडलेले डबे सर्वत्र पसरत गेले. ज्या वाटेसाठीं सामान्य उतारू इतकीं वर्षें खोळंबला होता ती अखेर मोकळी झाली. परंतु त्या वाटेनें तो टेबलाकडे गेला नाहीं, ताटच त्याच्याकडे आलें. वाढपी गाडीभर फिरूं शकतो, तर खुर्च्या-टेबलांचा डबा कशाला ओढावा? त्या जागेंत साठ-सत्तर माणसें भाडें भरून बसतील. हा हिशेब रेल्वेच्या दृष्टीनें बिनतोड होता. तेव्हां जेवणाचा डबा गेला आणि नुसत्या स्वयंपाकाचा डबा राहिला. १९६९ सालीं हावड्याहून दिल्लीस धांवलेल्या राजधानी एक्स्प्रेसमध्यें तर जेवणाचा खर्च भाड्यांतच धरला गेला. तिसरा वर्ग १९७४ सालीं रद्द झाला.

टेबलाशीं बसून खावें असा डबा आज नित्याच्या गाड्यांत जवळजवळ एकट्या डेक्कन क्वीनपाशीं उरला आहे. १ जून १९३० रोजीं ही गाडी निघाली तेव्हां तिला सात डबे आणि दोनच वर्ग होते, पहिला व दुसरा. तिसऱ्या वर्गास तिच्यांत १९५५ च्या जूनमध्यें प्रवेश मिळाला. २०२२ सालीं तिला नवे डबे मिळाले, तेव्हां भोजनाचा डबाही नवा बांधला गेला. त्यांत चाळीस माणसांची सोय आहे. पुण्याहून सकाळीं निघालेले नोकरदार तेथें ऑम्लेट किंवा चीज टोस्ट मागवितात, खंडाळ्याचे बोगदे खिडकीबाहेरून सरकतात, आणि कर्जत येण्यापूर्वीं पुढचें गिऱ्हाईक खुर्चीमागें येऊन उभें राहतें.