सुकती लागली, आता राहाच

मुंबईच्या पालवा बंदराच्या पायऱ्या तळापर्यंत उघड्या पडल्या आहेत. शेवटच्या काही शेवाळलेल्या आहेत, तेव्हा वहाणा हातात घ्या. तारीख 16 जानेवारी 1938, रविवार, पौषी पौर्णिमा. पहाटेचे साडेपाच. चंद्र ताज हॉटेलच्या मागे उतरलाय आणि जमिनीवरून मतलई वारा सुटलाय, शाल लागेल इतका गार. परवाच संक्रांत झाली, म्हणून तुमच्या काखेत तिळगुळाचा डबा आहे. रथसप्तमीपर्यंत तो वाटत फिरायला मुभा आहे.

किनाऱ्याने कोकणातल्या मित्रांच्या भेटीला निघालाय. बोट तुमचीच, तीस फुटी, सागवानी. सुकाणूवर कोळी तांडेल, नाळेवर एक पोऱ्या. इंजिन विलायती. तांडेल पितळी तोटी पेट्रोलच्या टाकीकडे वळवतो आणि हॅण्डल मारतो. दोनदा फुसकं जातं, तिसऱ्यांदा ठकठक सुरू होते. इंजिन चांगलं तापलं की तोटी रॉकेलकडे फिरवायची. पेट्रोल मुंबईहून न्यावं लागतं आणि ते महाग. रॉकेल मात्र दर बंदरात वाण्याकडे डब्याने मिळतं, कारण अख्खं कोकण त्याच्यावर कंदील पेटवतं. त्याचा वास पुढचे दिवस चहालाही येणार आहे. सवय करून घ्या.

ओहोटीच्या तळाला का निघालात? पौर्णिमेला मुंबईची भरती दुपारी बाराच्या सुमारास भरते. आत्ता निघालात तर रेवदंड्याची खाडी तुम्हाला भरल्या पाण्यात सापडेल. घड्याळ तुमच्या मनगटाला आहे खरं, पण या प्रवासात त्याला कोणी विचारत नाही.

प्रॉंग्जचं दीपगृह मागे पडतं. समोरून एक आगबोट धूर सोडत मुंबईकडे येतेय, कठड्याला टोपल्या आणि माणसं. याच किनाऱ्यावर फिरणारी 'रामदास' 1936 साली बांधलेली, अजून नवीकोरी. 17 जुलै 1947 रोजी रेवसला जाताना काश्याच्या खडकाजवळ ती बुडेल आणि सहाशेहून अधिक माणसं जातील, हे या बोटीवर फक्त तुम्हाला माहीत आहे. कोणाला सांगणार? तांडेलाला विचारून बघा, पावसात इकडे येशील का म्हणून. तो हसेल. ज्येष्ठात त्याची होडी किनाऱ्यावर झापांखाली शाकारलेली असते, ती नारळी पौर्णिमेशिवाय पाण्यात जात नाही. आगबोटीला वेळापत्रक असतं.

खांदेरीजवळून जाताना तांडेल बेटावरच्या वेताळाला हात जोडतो. 1679 मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी इंग्रजांच्या नाकावर टिच्चून इथे तट उभारला. पलीकडच्या उंदेरीवर लगेच जंजिऱ्याचा सिद्दी येऊन बसला. खांदेरीचं दीपगृह 1867 चं.

अलिबागला बोट खोल पाण्यातच उभी राहते. तुमचा वेधशाळेतला मित्र होडीतून बोटीला लागतो आणि इंजिनाकडे बघून नाक मुरडतो. "एवढं लोखंड घेऊन माझ्या दारात येऊ नकोस." चेष्टा आहे, पण निम्मीच. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. ट्राम विजेवर चालणार असं ठरलं आणि सुया हलायला लागतील म्हणून 1904 साली अलिबागला नवी उभी राहिली, तीही लोखंड टाळून, चुंबकत्व नसलेला पोरबंदरी दगड वापरून. तुमचा मित्र आत जाताना किल्ल्यासुद्धा बाहेर ठेवतो. तिळगूळ तोंडात टाकून तो वालाच्या शेंगांनी भरलेली गोणी बोटीत उतरवतो. "रेवदंड्याच्या वकिलाला दे. त्याला कळेल."

वकिलाला बरोबर कळतं.

रेवदंडा हे गावच पोर्तुगीजांच्या तटाच्या आत वसलेलं आहे. 1740 पर्यंत इथे त्यांचा अंमल होता. आता त्या भिंतींच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. खाडीपलीकडे कोर्लईचा डोंगर. तिथल्या वाडीत आजही पोर्तुगीज वळणाची बोली घरात बोलतात. वकिलाच्या वाडीत रहाट करकरतोय, बैल झापड लावून फिरतोय, मातीच्या लोट्यांतून पाणी पन्हळीत पडतंय. तुम्ही येणार हे त्याला पत्राने कळलं होतं. कधी, ते पत्रात नव्हतं, आणि त्याने विचारलंही नव्हतं. वहिनी दोन पानं वाढवतात, एवढंच.

जेवून सुपारी कातरताय तोवर पोऱ्या धावत येतो. "शेट, सुकती लागली. बोट चिखलात बसंल." वकिलाचा चेहरा खुलतो. "आता मध्यरात्रीच्या भरतीशिवाय सुटका नाही. राहाच." पाहुण्याला थांबवायला यजमानाला आग्रह करावा लागत नाही, असा हा किनारा आहे. खाडी त्याचं काम करते. मोटारीतून आलेला पाहुणा चहा घेऊन उठू शकतो. तुम्ही उठून जाणार कुठे?

रात्री पोपटी. मडक्याला आतून भांबुर्डीचा पाला लावतात, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ. वर पुन्हा पाला ठासून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं वाडीत उपडं ठेवून भोवती झावळ्या आणि पेंढा पेटवतात. अर्ध्या तासाने वकिलाचा गडी मडक्यावर पाण्याचा हबका मारतो. चर्र झालं की झालं. पाल्याचा कडसर वास शेंगेच्या दाण्यात उतरलेला असतो. सालं टाकत, बोटं भाजत, कुठल्यातरी जुन्या दाव्याची गोष्ट ऐकत तुम्ही बसता, आणि गोष्ट संपायच्या आत खाडी भरते. निघताना बोटीत वीस नारळ आणि सुपारीची पिशवी वानोळा म्हणून चढलेली असते.

पहाट जंजिऱ्यासमोर. किल्ल्याचा दरवाजा राजपुरीकडे तोंड करून आहे, पण अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तटाच्या आत अजून माणसं राहतात. चुलींचा धूर वर येतोय. इथे इंग्रजांची नव्हे, नवाबाची हद्द. सिद्दी मुहम्मद खान 1922 पासून गादीवर आहेत. मुरुडचा तुमचा मास्तर मित्र मुंबईतल्या खेर मंत्रिमंडळाच्या बातम्या विचारतो, पण ओसरीवर नाही, माजघरात. तिळगूळ घेतो, बांगड्याचं तिखलं वाढतो, आणि बाणकोटच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी व पुस्तकांचं गाठोडं देतो. एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल की मित्रांना तुमच्या भेटीइतकीच तुमच्या बोटीचीही गरज आहे. टपालाला जे नेता येत नाही ते सगळं यात येतं. पुढे श्रीवर्धनला रोठा सुपारीची अर्धी गोणी चढते. पेशव्यांचं हे मूळ गाव बघायचं राहूनच जातं.

बाणकोटला सावित्रीच्या मुखाशी वाळूचा दांडा. तांडेल इंजिन मंद करतो, पोऱ्या नाळेवरून शिशाचा गोळा बांधलेली दोरी सोडतो आणि खोली ओरडून सांगतो. दीड वाव. एक वाव. तांडेल तुमच्याकडे वळून बघतो: नारळांमुळे बोट जड झाली आहे, आणखी काही घेऊ नका. डोंगरावर इंग्रजांनी विक्टोरिया नाव दिलेला किल्ला. दांडा ओलांडला, बोट धक्क्याला लागली.

डॉक्टर छत्री घेऊन उभेच आहेत. गाठोडं बघतात, चिठ्ठी न वाचता खिशात घालतात, आणि तुमच्याऐवजी तांडेलाला विचारतात, "पाणी कधीपर्यंत?"

"उद्या दुपारशिवाय दांडा ओलांडता यायचा नाय."

डॉक्टर गड्याला हाक मारून कोळीवाड्यात पाठवतात, खाडीत खेकडे मिळालेत का बघायला.