पुरुष आणि महिलांची त्वचा : फरक किती, काळजी कोणती? जाणून घ्या सविस्तर

शेगाव : पुरुषाची कातडी राठ आणि बाईची नाजूक, असं गावात सर्रास म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. मात्र त्वचेचे बहुतेक त्रास या फरकामुळे होत नाहीत, ते सवयींमुळे होतात. पुरुष खाज, चट्टा महिनोन्महिने अंगावर काढतात. महिला शेजारणीने किंवा पार्लरवालीने सांगितलेली क्रीम लावून पाहतात. आणि मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय मलम आणण्यात दोघेही सारखेच.

मूळ फरक काय?

जाडी : पुरुषांची त्वचा महिलांपेक्षा साधारण 20 टक्क्यांनी जाड असते. टेस्टोस्टेरॉन या हार्मोनमुळे हे होते. वयाबरोबर ती हळूहळू पातळ होत जाते. महिलांमध्ये पाळी बंद झाल्यावर बदल एकदम जाणवतो. त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेला घट्टपणा देणारे कोलाजेन सुमारे 30 टक्क्यांनी घटते. पन्नाशीनंतर अंग कोरडे पडणे, खाज सुटणे वाढते ते यामुळेच.

तेल आणि घाम : पुरुषांच्या त्वचेत तेल जास्त तयार होते, घामही जास्त येतो. म्हणून मुलांमध्ये पुरळ-पुटकुळ्या जास्त तीव्र असतात. महिलांमध्ये पंचविशी-तिशीनंतरही मुरूम येत राहिले, सोबत पाळी अनियमित असली आणि हनुवटीवर केस वाढले, तर हार्मोनची तपासणी करून घ्यावी.

वांग : गालावरचे काळपट डाग महिलांमध्ये जास्त दिसतात. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि ऊन ही त्याची मुख्य कारणे. उन्हात राबणाऱ्या पुरुषांनाही वांग येतो.

खारपाणपट्ट्यातील पाणी

शेगाव तालुक्याचा बराच भाग पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतो. क्षार जास्त असलेल्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस साबण जास्त घासतो आणि कातडी आणखी कोरडी होते. साबण कमी वापरावा, तोही काख, जांघ आणि पायापुरता. कपड्याचा साबण अंगाला लावू नये. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल लावावे. धुणीभांडी करणाऱ्या महिलांच्या हातांना सोड्यामुळे भेगा पडतात. काम झाल्यावर लगेच साधे व्हॅसलिन चोळले तरी बराच फरक पडतो.

महिलांना कुठे नडते?

गोरेपणाची क्रीम : शेजारच्या अकोल्यातील उदाहरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. तिथे एकाच कुटुंबातील तीन महिलांनी चेहरा उजळण्यासाठी एक क्रीम वापरली आणि तिघींनाही किडनीचा आजार झाला. 2023 च्या सुरुवातीला हे प्रकरण समोर आले. मुंबईच्या केईएम रुग्णालयाने केलेल्या तपासणीत त्या क्रीममध्ये पाऱ्याचे प्रमाण फार जास्त आढळले. पारा रंग उजळवतो, पण कातडीतून शरीरात उतरून किडनी बिघडवतो. डबीवर कंपनीचे नाव, पत्ता आणि घटक छापलेले नसतील, तर ती क्रीम घेऊच नये.

नाडीचा काच : परकराची नाडी किंवा लुगड्याची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी आवळून बांधली की कंबरेवर काळा पट्टा पडतो, कधी जखम होते. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी 2024 मध्ये अशा दोन वयस्क महिलांची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केली. दोघींच्याही कंबरेवरच्या न भरणाऱ्या जखमेत कर्करोग निघाला. धोतर घट्ट नेसणाऱ्या पुरुषांतही असा कर्करोग आढळल्याची नोंद 1945 मध्ये झालेली आहे. नाडी रुंद पट्टीची असावी, सैल बांधावी आणि गाठीची जागा बदलत राहावी.

टिकली : काही टिकल्यांच्या गोंदामुळे कपाळावर पांढरा डाग पडतो. असे दिसताच टिकली लावणे थांबवावे.

पुरुषांना कुठे नडते?

गजकर्ण : घट्ट जीन्स, घामाने ओले कपडे आणि घरभर फिरणारा एकच टॉवेल यामुळे जांघेत बुरशी वाढते. घरात एकाला गजकर्ण असेल तर टॉवेल आणि कपडे वेगळे ठेवावेत. घरातल्या ज्यांना खाज आहे, त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावेत.

फवारणी : 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 पेक्षा जास्त जणांचा जीव गेला. औषध नाकातोंडातून जाते, तसेच कातडीतूनही आत जाते. हातमोजे, पूर्ण बाह्या घालून फवारणी करावी आणि घरी येताच साबणाने आंघोळ करावी. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत.

दाढी : सलूनमध्ये ब्लेड नवीन आहे ना, हे पाहूनच बसावे. जुन्या ब्लेडमधून कावीळ ब आणि क पसरू शकते.

दोघांचीही सारखीच चूक

मेडिकलवर मिळणाऱ्या अनेक ‘खाजेच्या’ मलमांत स्टेरॉइड असते. दोन दिवसांत खाज थांबते, पण गजकर्ण आतून पसरत जातो. चेहऱ्यावर लावल्यास कातडी पातळ आणि लाल होते, ऊन सोसत नाही, महिलांना चेहऱ्यावर केस येतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही ग्राहक मागतो आणि दुकानदार देतो.

डिसेंबर 2024 आणि जानेवारी 2025 मध्ये बोंडगाव, कालवड, हिंगणा यांसह तालुक्यातील अनेक गावांत अचानक केस गळून टक्कल पडू लागले, तेव्हा पहिला संशय शाम्पू आणि पाण्यावर गेला. त्रास महिला, पुरुष, मुले सर्वांनाच झाला. पुढे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्त, लघवी आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण जास्त असल्याचे सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवले. डोक्यावर दिसणारा त्रास पोटातून आलेला असू शकतो. अशा वेळी घरगुती लेप लावत बसण्यापेक्षा तपासणी करणे गरजेचे असते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

• महिनाभरात न भरणारी जखम किंवा रंग-आकार बदलणारा तीळ दिसल्यास.
• फिकट किंवा लालसर चट्टा आणि त्या जागी बधिरपणा असल्यास. हा कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध मोफत मिळते आणि वेळेत घेतल्यास तो पूर्ण बरा होतो.
• दोन आठवडे उपचार करूनही खाज कमी होत नसल्यास.
• एकाच घरात किंवा गल्लीत अनेकांना सारखाच त्रास सुरू झाल्यास. अशा वेळी आशाताईंना लगेच कळवावे.

दवाखान्यात जाताना आधी लावलेल्या मलमाची ट्यूब किंवा क्रीमची डबी सोबत न्यावी. नेमके काय लावले होते हे कळले, तर उपचार लवकर ठरतात.